नववीची ज्वारी

गावात कुणाकडे बाळ जन्मलं आणि पेढे वाटायला माणूस शाळेत आला, की आमचे शेतीचे गुरुजी पेढा हातात घेण्याआधी विचारत, "तेव्हा पाऊस किती झालता?" माणूस गोंधळून जाई. बायकोच्या बाळंतपणात पावसाकडे कोण बघतं? मग गुरुजी स्वतःच आठवून आठवून मूल मृगातलं, आर्द्रातलं की त्याच्याही पुढचं ते ठरवत आणि पेढा तोंडात टाकून निकाल देत. मृगातल्याचं भलं होणार. आर्द्रातलं बरं निघेल. पुष्यातल्या मुलाच्या बापाच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणत, "काई हरकत नाई. कडबा तं होईन."

हिवाळ्यात जन्मलेल्यांना त्यांच्या शास्त्रात जागा नव्हती. मी पौषातली. त्यांनी माझ्यावर बराच विचार केला आणि शेवटी मला ओलिताखालच्या पिकात टाकलं. "बाई, तुमी ओलिताच्या," असं ते चारचौघांत सांगत आणि ऐकणाऱ्याला वाटे की माझं हे काहीतरी गंभीर आहे.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. मी वर्ध्याहून मराठी शिकवायला त्या गावी गेले होते. हिंगणघाटहून वडनेरकडे जाणाऱ्या एसटीनं उतरायचं आणि काळ्या मातीतून चपला हातात घेऊन चालायचं. शाळा खाजगी होती. वर एक समिती, समितीच्या वर अध्यक्ष आणि अध्यक्षांच्या वर कुणी नाही. हेडमास्तर होते, पण ते कुणालाही नाही म्हणू शकत नसत, त्यामुळे ते असून नसल्यासारखेच.

गुरुजी उंच आणि किडकिडीत होते. त्यांच्या पॅन्टचा उजवा पाय कायम गुडघ्यापर्यंत दुमडलेला आणि डावा खाली सोडलेला असे. उजवा शेतासाठी, डावा शाळेसाठी, हे त्यांचं स्पष्टीकरण. खडू काढायला खिशात हात घालत तेव्हा बहुधा ज्वारीचे दाणे निघत. रोज सकाळी मातीचं ढेकूळ हातात दाबून त्याचा गोळा करत आणि तो कंबरेच्या उंचीवरून खाली टाकत. गोळा नीट फुटला तर शिकवायला ओल योग्य आहे. चिकटून राहिला किंवा आधीच भुगा झाला, तर त्या दिवशी ते पोरांना नुसतं बसवून ठेवत. हेडमास्तरांनी एकदा सहामाहीच्या प्रश्नपत्रिका मागितल्या तेव्हा ते शांतपणे म्हणाले होते, ओल नाही अजून. हेडमास्तर बरं म्हणाले.

या सगळ्याला हसावं तेवढं थोडं, आणि मी हसतही असे. पण एका बाबतीत मला हसू येत नसे. त्यांच्या घराच्या दारात एक दगडी उखळ आडवं पडलेलं होतं. मी शेजारच्याच खोलीत राहायची, येता-जाता त्याला ठेचकळायची. एकदा काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी म्हटलं की हे जमिनीत गाडून का टाकत नाही. काकू म्हणाल्या, गाडलं की काढताना फार त्रास होतो. आधीच्या गावी काढलं तेव्हा काठ फुटला. त्याच्या आधीच्या गावी तर सोडूनच येत होतो, मीच बैलगाडी थांबवली.

गुरुजींना किती शाळांनी काढलं हे काकू सांगत नसत. कारण मात्र सांगत, आणि ते दर वेळी एकच होतं. गुरुजी बोलत. एका गावी समितीच्या चिटणीसांचं लग्न जरा उशिरा, चांगल्या वयात ठरलं. मांडवात सगळे अक्षता घेऊन उभे असताना गुरुजी शेजाऱ्याला म्हणाले की पेरणीला फार उशीर झाला, आता उंची येईल पण दाणा भरणार नाही. शेजारी नवऱ्या मुलाचा मामा होता. त्यात गुरुजींच्या मनात काही वाईट नव्हतं. ते स्वतःबद्दलही असंच बोलत. एका दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलो असताना मला म्हणाले, "आमचं दोघायचं लग्न पुष्यातलं, बाई. पीक उंच झालं, कणीस नाई आलं." आणि हसले. काकू पलीकडे अंबाडीची भाजी खुडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मला फार वाईट वाटलं.

काकूंना आता या गावातून हलायचं नव्हतं, एवढीच त्यांची इच्छा होती. गुरुजींना तिची जाणीव होती, पण ती त्यांच्या तोंडापर्यंत पोचत नसे.

शाळेला बाजाराच्या रस्त्याला लागून थोडी जमीन होती. गुरुजींनी पहिल्याच वर्षी तिचे पाच पट्टे पाडले, पाचवी ते नववी, वर्गाला एक. सगळ्यांत बियाणं तेच, नव्यानं आलेलं हायब्रीड. खत तेवढंच, निंदण तेवढंच. फरक फक्त पेरणीच्या वेळेचा. पहिला चांगला पाऊस झाल्यावर पाचवीचा पट्टा पेरला. मग आठवडा सोडून सहावीचा, मग सातवीचा, अशी पेरणीची तिफन वर वर सरकत गेली. पेरणी लांबली की ज्वारीचं काय होतं, ते पोरांनी डोळ्यांनी बघावं, असा त्यांचा सरळ हेतू होता.

इथपर्यंत कुणाचीच हरकत नव्हती. पण गुरुजींनी प्रत्येक पट्ट्यापुढे पत्र्याची पाटी लावली आणि तिच्यावर पेरणीची वेळ न लिहिता वर्गाचं नाव लिहिलं. पोळ्याच्या सुमारास रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला दिसू लागलं की पाचवीची ज्वारी डोक्याएवढी, सहावीची खांद्याएवढी, सातवीची बरी, आठवीची गुडघ्याशी अडकलेली आणि नववीची म्हणजे नुसतं गवत. गावानं याचा जो अर्थ लावायचा तो लावला. वरच्या वर्गात शिकवणंच होत नाही.

आठवीची वर्गशिक्षिका मी होते. विहिरीवर बायका मला थांबवून विचारू लागल्या की तुमची पोरं काहीच करत नाहीत का. मी खोडमाशीचं सांगायचा प्रयत्न केला. उशिरा पेरलेल्या कोवळ्या ज्वारीवर ही माशी अंडी घालते, अळी आत शिरून मधला पोंगा, म्हणजे कोवळ्या पानांची सुरळी, खाते, मग तो वाळतो. एक बाई म्हणाली, माशी बरोबर आठवीतच कशी काय शिरते? मी पेरणीच्या वेळेचं सांगायला लागले, तोवर तिनं घागर उचलली होती.

गुरुजी मात्र मजेत होते. वाळलेला पोंगा उपटून पोरांना त्याच्या बुडाचा वास घ्यायला लावत. तो वास कुजकट असे. पोरांनंतर त्यांनी शिक्षकांना, मग शिपायाला आणि एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही तो हुंगायला लावला. साहेबांनी हुंगला आणि चहा न घेता गेले.

पालक उपायाला लागले. कुणी आठवीच्या पट्ट्यात युरिया ओतला, त्यानं उरलेलीही करपली. कुणी चारही कोपऱ्यांवर लिंबू-मिरची बांधली. एक गृहस्थ हेडमास्तरांकडे आले आणि आपल्या मुलाला आठवीतून पाचवीत घ्या म्हणाले. मुलगा अभ्यासात चांगला होता. हेडमास्तरांनी तसं बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "शिकाले राहू द्या ना आठवीतच. ज्वारीपुरतं पाचवीत बसवा." हेडमास्तर विचार करू म्हणाले, आणि मला वाटतं त्यांनी खरोखरच केला.

अध्यक्षांचा मुलगा माझ्या वर्गात होता. म्हणजे गुडघ्याएवढ्या ज्वारीत. अध्यक्ष मोठे कास्तकार, हिंगणघाटच्या जिनिंगवर त्यांच्या कापसाच्या गाड्यांना मान होता. माणूस मनमोकळा, पण गावात कुणाची ज्वारी आपल्यापेक्षा उंच असणं त्यांना झोपू देत नसे. ते आले, धुऱ्यावर उभे राहिले आणि गुरुजींना म्हणाले, माह्या पोराची अशी काऊन? गुरुजींना ऐकणारा माणूस मिळाला. त्यांनी माशीपासून सुरुवात केली, पोंगा हुंगायला दिला, पुढे दाण्यावर गेले. अध्यक्षांनी सगळं ऐकून त्यातली आपल्याला हवी तेवढी गोष्ट उचलली.

"म्हणजे आधी पेरली तं चांगली होते."

"होते."

"मंग पुढच्या साली माह्या पोराची सगळ्यायच्या आधी पेराची. तेव्हा थो नववीत जाईन. नववीची ज्वारी एक नंबर पायजे, गुरुजी. नाई तं तुमी दुसरी शाळा पाहा."

हे त्यांनी हसत हसत सांगितलं, पण ते खरं होतं. त्या संध्याकाळी काकू माझ्याकडे आल्या. "बाई, यायले समजवा. त्यायले जे पायजे ते पेरा मनावं, अन् तोंड बंद ठेवा मनावं." मी गुरुजींना समजावलं. ते लगेच तयार झाले. पट्ट्यांचा क्रम उलटा करायला त्यांची काहीच हरकत नव्हती, त्यांना वेळा वेगवेगळ्या असण्याशी मतलब. तोंडाबद्दल ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या वर्षी मी वर्गाबरोबर नववीत गेले. अध्यक्षांना मात्र क्रम नुसता उलटा करून भागणार नव्हतं. आधी पेरलेली चांगली, तर अजून आधी पेरलेली अजून चांगली, असा त्यांचा हिशेब. शाळेच्या शेजारीच त्यांची विहीर होती. भर उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी असताना आणि गावात कुणी तिफनीला हात लावला नसताना त्यांनी विहिरीवरचं इंजिन सुरू करून नववीचा पट्टा ओलवला आणि पेरायला स्वतः उभे राहिले. नारळ फोडला. मी सुट्टी संपायच्या आधीच आले होते, म्हणून मला हे बघायला मिळालं.

गुरुजींनी माती हातात घेऊन गोळा केला, टाकला, आणि मग ज्याची भीती होती ते झालं. ते बोलले.

"साहेब, हे देशी ज्वारी नोहे. देशी कधीही पेरा, पाऊस सरल्याबिगर निसवत नाई. हे हायब्रीड दिवाळीची वाट पाहत नाई. इचे दिवस भरले का हे पावसातच कणीस काढते."

अध्यक्ष मोठ्यानं हसले. त्यांचा बाप, त्याचा बाप, सगळे मृगाच्या आधी पेरून बसायचे आणि सगळ्यांची ज्वारी दिवाळीला पिकायची. ज्वारीला कळतं कधी निसवायचं, माणसानं शिकवायला नको, असं ते म्हणाले. देशी ज्वारीपुरतं ते अगदी बरोबर होतं. म्हणून गावातले सगळे त्यांच्या बाजूनं हसले.

आणि ज्वारी अशी वाढली की विचारू नका. माशीनं तिच्याकडे बघितलंही नाही. गावात पेरण्या सुरू झाल्या तेव्हा नववीची ज्वारी मांडीला लागत होती. अध्यक्ष पाहुण्यांना बैलबंडीतून दाखवायला आणू लागले. हिंगणघाटहून फोटोग्राफर आला. मुलाला ज्वारीत उभं करून फोटो काढला, त्यात मुलाची फक्त टोपी आली, तरी तो फ्रेम करून शाळेच्या ऑफिसात लागला. अध्यक्ष मला म्हणाले की बाई, पोरगा सुधारला. पोरगा चाचण्यांत पूर्वीइतकाच नापास होत होता, पण रस्त्यावरून ते दिसत नव्हतं.

मग ऐन आषाढात, आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडत असताना, नववीची ज्वारी निसवली. श्रावणात कणसं दाण्यावर आली. चहूबाजूंना पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वितभर, इतर कुणाच्या ज्वारीला अजून कणसाची पोटरीही नाही, आणि मधोमध हे एकच भरलेलं शेत. पंचक्रोशीतल्या पाखरांना निरोप पाठवावा लागला नाही. निंदणाचे दिवस असल्यामुळे राखणीला मजूर मिळेना. शेवटी अध्यक्षांनी समितीच्याच पाळ्या लावल्या. आमच्या शाळेचे खजिनदार, धोतर खोचून, मचाणावर पावसात बसून डबा वाजवत आहेत आणि पोपट त्यांच्या शेजारच्या कणसावर बसून खात आहेत, हे मी वर्गाच्या खिडकीतून रोज बघत असे. शिकवणं अवघड जाई.

पाखरांपेक्षा पाऊस वाईट. दाणा आधी गुलाबीसर झाला, मग त्याच्यावर करडी बुरशी आली. अध्यक्षांनी फर्मान काढलं की कणीस भिजता कामा नये. पहिल्या दिवशी समितीचे सभासद छत्र्या उघडून ज्वारीच्या ओळींत उभे राहिले. प्रत्येकाच्या छत्रीखाली चार कणसं कोरडी आणि सभासद ओला. दुसऱ्या दिवशी खतांच्या पोत्यांतलं प्लास्टिक कापून आणलं आणि हेडमास्तरांनी चित्रकलेचा तास बंद करून पोरांना कणसांना टोप्या बांधायला लावलं. गुरुजी मागून टोप्या सोडत चालले. आत उबून जास्त सडेल, हिला वारा लागू द्या, असं ते सगळ्यांना सांगत होते. पोरं बांधत होती, गुरुजी सोडत होते, आणि रस्त्यावर बाजाराला निघालेली माणसं थांबून बघत होती. शेवटी अध्यक्षांनी गुरुजींना शेतात पाऊल टाकायची बंदी केली.

आठवड्यानं टोप्या काढल्या तेव्हा कणसं काळी झाली होती. त्यातल्या काहींवर दाण्यांना कोंब फुटून हिरवे केस आल्यासारखे दिसत होते. अध्यक्ष एकेक कणीस वाकवून बघत होते. तेवढ्यात गुरुजी बंदी विसरून धावत आले, कणीस हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "पाहा पोरांनो, बिनतिफनीची पेरणी! कणसावरच पेरणी झाली!" त्या आनंदात द्वेषाचा लवलेश नव्हता. पण तो आनंद अध्यक्षांच्या समोर झाला.

अध्यक्ष तिथेच म्हणाले की दिवाळीच्या सुट्टीआधी मीटिंग होईल आणि सुट्टीनंतर हा माणूस मला शाळेत दिसायला नको.

काकूंना मी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोरीवरचे कपडे काढून त्यांनी घडी घातली ती पेटीतच ठेवली. मला गुरुजींचा भयंकर राग आला. एवढं सगळं कळणाऱ्या माणसाला तोंड कधी उघडायचं एवढं कळू नये? मी त्यांना तसं म्हणालेही. ते म्हणाले, "बाई, इतका चांगला कोंब पुन्हा कधी पाहाले भेटन?"

बाकीच्या पट्ट्यांचं पीक ज्याच्या त्याच्या वेळेला आलं. पहिल्या चांगल्या पावसानंतर पेरलेली आठवीची ज्वारी पांढरी, टपोरी निघाली. सातवीची ठीक, सहावीची थोडीशी. सगळ्यात शेवटी पेरलेल्या पाचवीची माशीनं खाऊन टाकली.

मीटिंगच्या दिवशी गुरुजींनी एकच विनंती केली. जाण्याआधी समितीनं शाळेच्या ज्वारीची भाकरी खाऊन जावी. त्याला नाही म्हणणं कुणालाच बरं दिसलं नाही. मीटिंग गुरुजींच्या ओसरीवर बसली. आत काकू आणि मी भाकरी थापत होतो. प्रत्येक वर्गाचं पीठ वेगळं, आणि गुरुजींचा हुकूम असा की ज्याचं पोर ज्या वर्गात, त्याला त्याच वर्गाची भाकरी. खजिनदारांची मुलगी पाचवीत होती. त्यांच्या ताटात ठेचा, वरण, कांदा, आणि भाकरीची जागा मोकळी. ते बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले आणि मग कांदा खाऊ लागले.

नववीची ज्वारी काकूंनी परत परत धुतली होती, तरी भाकरी काळपटच झाली. तिला कुबट वास होता. मी ती बाहेर न्यायला तयार नव्हते. काकूंनी स्वतः नेऊन अध्यक्षांना वाढली. ठरावाचा कागद हेडमास्तरांच्या हातात होता. त्यांनी घाईघाईनं स्वतःची पांढरी भाकरी अध्यक्षांच्या ताटाकडे सरकवली.

अध्यक्षांनी ती हातानं मागे सारली. "राहू द्या. माह्या पोराची हाय."

त्यांनी तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. ती भाकरी कडू होती हे मला ठाऊक होतं, मी आत चव घेऊन थुंकून टाकली होती. ते मान खाली घालून सावकाश खात राहिले, शेवटचा काठही ठेवला नाही. कुणी एकमेकांकडे बघेना. गुरुजी समोर बसले होते, दोन्ही पाय दुमडून, आणि आश्चर्य म्हणजे गप्प होते.

अध्यक्ष पाणी प्यायले. हेडमास्तरांनी कागद पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. गुरुजींकडे बघून म्हणाले,

"मंग पुढच्या साली कधी पेराची?"

गुरुजींनी तोंड उघडलं. या प्रश्नाचं उत्तर द्यायला ते गावोगाव फिरले होते, न विचारता ते मांडवात, मयतीत, पेढ्यांवर देत आले होते, आणि त्यासाठी प्रत्येक गावानं त्यांना बाहेर काढलं होतं. विचारलं मात्र त्यांना आजवर कुणीच नव्हतं. त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना. ओठ हलले, डोळे भरून आले, आणि तो बोलका माणूस सगळ्या समितीसमोर नुसता बसून राहिला.

समितीसमोर कधी आवाज न काढलेल्या काकू दारातून म्हणाल्या, "आधी पाऊस तं पडू द्या जी. मंग सांगतीन ते."

आणि ओसरीवर येऊन त्यांनी अध्यक्षांच्या ताटात आठवीची पांढरी भाकरी वाढली.